वडिलांमागे राहिलेल्या तीन रायफली: ओळखायच्या कशा, किंमत लावायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील गेल्यावर कपाटामागे तीन रायफली निघाल्या. एकीवर मुकुट, जी.आर. ही अक्षरं आणि १९१७ असं कोरलेलं आहे. दुसरी 'जर्मन, महायुद्धातली' असं वडील सांगायचे. तिसरी लहान, .२२ ची, तिला नंबरच सापडत नाही. आई म्हणते लाखमोलाच्या आहेत, भाऊ म्हणतो भंगार आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, घासूनपुसून चकचकीत करून फोटो पाठवू का?

घासू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हातातला पॉलिश पेपर आधी खाली ठेवा. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी दोन कामं. पहिलं, तिन्ही रिकाम्या आहेत का ते बघा. नळी निर्धोक दिशेला, बोट चापापासून लांब. बोल्टचा, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्याचा, दांडा वर उचलून मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, नुसतं बघू नका, करंगळी घालून चाचपा. .२२ ला विशेष जपा. तिच्या काही प्रकारांत गोळ्या नळीखालच्या किंवा दस्त्यातल्या नळकांड्यात असतात आणि एखादी आत अडकून वर्षानुवर्षं राहते. 'रिकामीच आहे हो' म्हणून माझ्या टेबलावर ठेवलेल्या बंदुकीतून जिवंत काडतूस निघालंय, आणि एकदाच नाही. उघडता येत नसेल तर जोर लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा. सोबत जुनी काडतुसं असतील तर वेगळी ठेवा, रायफलीत घालून 'बसतंय का' बघायच्या फंदात पडू नका.

दुसरं काम कायद्याचं. वडिलांचा परवाना बहुतेक देशांत मुलाकडे आपोआप येत नाही. तुमच्याकडचा नियम परवाना देणाऱ्या कार्यालयाला फोन करून विचारा, आणि तोवर रायफल गाडीत टाकून कोणाला दाखवायला नेऊ नका. 'जुनी आहे, हिला परवाना कशाला' ही समजूत अनेकांना महागात पडते. अमेरिकेच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक धरतात, कॅनडात १८९८ च्या आधी बनलेलं. म्हणजे नेमकी १८९८ साली बनलेली एकच रायफल सीमेच्या एका बाजूला अँटिक, दुसऱ्या बाजूला नाही. तुमची १९१७ ची दोन्हीकडे बसत नाही.

आता रायफल वाचायला घेऊ. मी 'वाचायला' म्हणतो, कारण जुन्या रायफलीवर तिचा बराचसा जन्मदाखला लिहिलेला असतो. लोक मात्र घरातली गोष्ट आधी ऐकतात आणि मग ठसे त्या गोष्टीत बसवायला बघतात. उलट करा. आधी लोखंड काय म्हणतं ते लिहून काढा, वडिलांची गोष्ट वेगळ्या कागदावर.

तुमची पहिली रायफल वर्णनावरून ली-एनफिल्ड वाटते, बोलीभाषेत थ्री-नॉट-थ्री. बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता जिथे लोखंडाला जोडतो तिथे एक रुंद लोखंडी पट्टा असतो. त्याच्या उजव्या अंगाला वरून खाली वाचत या. मुकुट. त्याखाली जी.आर., म्हणजे राजा जॉर्ज. मग कारखाना: 'एनफिल्ड' असेल, 'बी.एस.ए. कंपनी' असेल, लंडनची 'एल.एस.ए. कंपनी' असेल. ऑस्ट्रेलियातली असेल तर 'लिथगो', आणि जी.आर. च्या पुढे आय असेल तर ती भारतातल्या इशापूरची. मग साल. सगळ्यात खाली मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, बहुधा रोमन तीन, आणि त्याच्या शेजारी एखादा तारा आहे का ते भिंगातून बघा.

त्या एवढ्याशा ताऱ्याला अर्थ आहे. पहिल्या महायुद्धात रायफली लवकर निघाव्यात म्हणून काही भाग गाळले गेले. मूळ मार्क तीनमध्ये मॅगझीनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, वर एक सरकती पट्टी असायची. ती लावली की मॅगझीनमधल्या गोळ्या राखून एकेक गोळी हाताने भरता यायची. पुढच्या लाकडाच्या डाव्या अंगाला लांब पल्ल्यावर नेम धरायच्या साइटची गोल तबकडी असायची. तारा असलेल्या आवृत्तीत हे दोन्ही गेलं. १९१७ च्या रायफलीवर तारा असण्याचीच शक्यता जास्त. तारा नसेल आणि तबकडी, पट्टी दोन्ही जागेवर असतील, तर मला आधी कळवा, भावाला नंतर.

पण पट्ट्यावरचं साल म्हणजे अख्ख्या रायफलीचं साल नव्हे. फौजेत नळ्या झिजतात, बदलतात, दस्ते फुटतात. नळीवर स्वतःची तारीख असते. कुठे एफ.टी.आर. अशी अक्षरं आणि नवं साल दिसलं तर ती कारखान्यात पूर्ण उघडून पुन्हा बांधलेली आहे. आता नंबर जुळवा. रिसिव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या मधल्या लोखंडी भागावर, एक नंबर असेल. तोच नळीवर, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या अंगाला, मागच्या साइटच्या पानाखाली आणि तोंडाशी असलेल्या नाकाडावर हवा. सगळीकडे एकच असेल तर 'जुळलेली' रायफल, आणि संग्राहक पैसे मोजतात ते या जुळण्याला. बोल्ट वेगळा असेल तर किंमत तर घसरतेच, शिवाय सुरक्षेचा प्रश्न येतो. बोल्ट बंद केल्यावर त्याच्या तोंडापासून काडतुसाच्या बैठकीपर्यंतचं अंतर, हेडस्पेस, हे त्या जोडीचं असतं. ते गेजने मोजल्याशिवाय अशी रायफल उडवायची नाही.

नंबर जुळले की लगेच हुरळूही नका. जुळवून दिलेले नंबर मी बरेच पाहिलेत. मूळ ठसा काळाबरोबर थोडा बोथट होतो, त्याच्या काठावरची झिलई आजूबाजूसारखीच दिसते. नंतर मारलेला नंबर टोकदार असतो आणि त्याच्या खालचं लोखंड किंचित खोलगट, कारण जुना आकडा आधी घासून काढलेला असतो. दिवा तिरका धरा, दिसतं.

याच घराण्यातलं एक ठरलेलं सोंग सांगतो. खैबर खिंडीच्या परिसरातले कारागीर हातोडी-कानशीवर ब्रिटिश रायफलींच्या नकला बनवायचे, हाताची कसब अशी की लांबून बघणारा फसावा. पण इंग्रजी वाचता न येणारा माणूस इंग्रजी ठसा कोरतो तेव्हा एन अक्षर आरशातल्यासारखं उलटं पडतं, स्पेलिंग चुकतं. आणि राणीच्या नावाचं व्ही.आर. कोरून खाली साल घालतो १९०७. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. अशी रायफल भिंतीवर टांगायला गंमतशीर आहे, तिला हौशी गिऱ्हाईकही मिळतं, पण तिच्यात काडतूस घालायचं नाही.

तुमच्या रायफलीच्या नळीवर .३०३, २.२२२ इंच आणि १८.५ टन असा मजकूर सापडला तर दचकू नका. पुष्कळांना ते मॉडेलचं नाव वाटतं. २.२२२ इंच ही काडतुसाच्या कवचाची लांबी आणि १८.५ टन हा काडतुसाचा दाब, दर चौरस इंचाला, ज्याच्यासाठी नळी तपासून पास केली. हा ठसा म्हणजे फौजेतून निघून नागरी बाजारात विकताना ब्रिटिश प्रूफ हाउसमध्ये, म्हणजे नळी दाबाला टिकते का ते बघणाऱ्या अधिकृत संस्थेत, तिची तपासणी झाली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करतंय, लंडनचं त्याहूनही जुनं. बेल्जियममधल्या लिएजचा ठसा लंबगोलात ई.एल.जी. असा असतो. एक लक्षात घ्या, प्रूफचा ठसा चाचणी कुठे झाली ते सांगतो. बनवणारा कोण हे त्यावरून ठरत नाही.

दुसऱ्या रायफलीकडे येऊ. इथे मी वडिलांच्या गोष्टीला जरा आडवा जाणार आहे, राग मानू नका. बोल्ट मॉझर या जर्मन कंपनीच्या पद्धतीचा आहे म्हणून रायफल जर्मन ठरत नाही. मॉझरच्या रचनेवर बेल्जियम, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, स्पेन, स्वीडन अशा कितीतरी देशांनी आपापल्या रायफली बनवल्या, आणि खुद्द जर्मन कारखान्यांनी परक्या फौजांसाठी बनवल्या. बाजारात 'जर्मन' म्हणून येणाऱ्यांत युगोस्लाव्ह एम-४८ पुष्कळ असतात, ज्या महायुद्ध संपल्यावर बनल्या. चेक व्हीझेड-२४ असतात, ज्या मुळात युद्धाआधीच्या.

निवाडा रिसिव्हरच्या माथ्यावर होतो. तिथे राजचिन्ह किंवा देशाचं चिन्ह असेल तर ती त्या देशाच्या फौजेची. युद्धकाळातल्या कार-९८-के या जर्मन फौजी रायफलीवर चिन्हाऐवजी सांकेतिक अक्षरं आणि साल असतं. कारखान्याचं नाव शत्रूला कळू नये हा त्यामागचा हेतू. 'बी-वाय-एफ' आणि खाली ४३ म्हणजे ओबर्नडॉर्फचा मॉझर कारखाना, १९४३. 'ए-आर' म्हणजे मॉझरचाच बोर्झिगवाल्डचा. 'बी-एन-झेड' म्हणजे श्टायर, 'डी-ओ-टी' म्हणजे ब्रनो. नंबर चार आकड्यांपर्यंत आणि त्याच्या जोडीला एखादं अक्षर, आणि दर वर्षी तीच मालिका नव्याने सुरू. त्यामुळे नुसता नंबर सांगून काही कळत नाही, कोड आणि साल सोबत हवं. स्क्रूंसकट बारीक भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात. माथ्याच्या डाव्या बाजूला फुलीसारखी खूण असेल आणि बोल्टवर विजेच्या लेखणीने खरवडून नंबर लिहिला असेल, तर ती सोव्हिएत फौजेने काबीज करून, उघडून, ढिगातल्या भागांतून पुन्हा जुळवलेली आहे. अस्सल जर्मन आहे, युद्धातली आहे, वडील खरं बोलत होते. पण किंमत जुळलेल्या रायफलीच्या जवळपासही जात नाही.

आणखी एक शक्यता सोडू नका. युद्धानंतर फौजी मॉझर कापून शिकारी रायफली बनवायची साथच होती. पुढचं लाकूड अर्धं कापलेलं, दांडा वाकवलेला, दुर्बिणीसाठी रिसिव्हरला भोकं. अशी असेल तर तिचं मोल वापरातल्या शिकारी रायफलीएवढं, फौजी इतिहास त्या भोकांतून गळून गेला. नवं लाकूड लावून 'मूळ रूप' परत आणायचा खर्च भरून निघत नाही. मात्र नळीवर रिग्बीसारखं नाव असेल तर सगळा हिशेब उलटतो. रिग्बी हे बंदुका बनवणारे, ब्रिटनमधले मॉझरचे एजंट होते आणि मॉझरच्या ऍक्शनवर, म्हणजे रिसिव्हर-बोल्टच्या जोडीवर, त्यांनी नव्याच शिकारी रायफली बांधल्या. ती कापलेली फौजी नव्हे, जन्मानेच शिकारी. त्यांची .२७५ रिग्बी म्हणजे मुळात ७×५७ मॉझरचं काडतूस, नाव तेवढं इंग्रजी.

त्यावरून कागदपत्रांचं बोलतो, कारण तुम्ही रायफली मोजल्यात, कागदांचा उल्लेखही केला नाहीत. जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी .२७५ रिग्बी भेट मिळाली, तिच्या दस्त्यावर तसं कोरलेली चांदीची पट्टी आहे. रायफल रिग्बीचीच, पण तिला वेगळं स्थान मिळालं ते त्या पट्टीमुळे आणि लेखी पुराव्यामुळे. तुमच्याकडे पट्टी नसेल, पण वडिलांचा परवाना, खरेदीची पावती, रायफल हातात घेतलेला एखादा फोटो, मागे तारीख लिहिलेला? ते पिवळे कागद टाकू नका. 'आमच्या आजोबांनी अमुक लढाईत वापरली' याला कागद नसेल तर खरेदीदार मान डोलावतो आणि एक पैसा जास्त देत नाही. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची असती तर अमेरिकेत कोडी इथल्या संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, तिथून बऱ्याच जुन्या मॉडेलांसाठी नंबरावरून दाखला मिळतो.

कपाटात एखादी जुनी दुर्बीण, संगीन, चामडी पट्टा, लाकडी पेटी वेगळी पडली आहे का तेही बघा. भावाभावांत वाटणी करताना लोक 'रायफल तुला, दुर्बीण मला' करतात आणि दोघंही बुडतात. ली-एनफिल्डच्या नंबर चार या नंतरच्या मॉडेलची स्नायपर आवृत्ती हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूक कंपनीने तयार केली. तिच्या दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर ठोकलेला असे. ती जोडी एकत्र असेल तर एक गोष्ट, तुटली तर दुसरीच.

तिसरी, बिननंबरी .२२. घाबरू नका, पण तपासा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी साध्या .२२ वर नंबर घालायची सक्ती नव्हती, त्यामुळे स्वस्तातल्या पुष्कळ रायफली नंबराशिवायच निघाल्या. नंबर कधी नसणं आणि नंबर खरवडलेला असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिथे नंबर अपेक्षित असतो तिथलं लोखंड बोटाने चाचपा. खोलगट, कानशीच्या रेघा, झिलईचा वेगळा रंग असं काही दिसलं तर विक्रीचा विचार थांबवा आणि वकिलाशी बोला, कारण नंबर खोडलेलं हत्यार बाळगणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. सगळं सपाट आणि एकरंगी असेल तर ती बहुधा साधी, प्रामाणिक रायफल आहे. तिचे फारसे पैसे येणार नाहीत.

आता घासण्याचं. कामाला लागलो तेव्हाची गोष्ट. मी एक फौजी रायफल घेतली, काळवंडलेली, तेलकट. महिनाभर राबलो. दस्त्याला पॉलिश पेपर, वर वार्निश, नळीची झिलई उतरवून नवी काळी झिलई. आरशासारखी झाली. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांना दाखवली. त्यांनी दस्त्याच्या उजव्या बाजूवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि विचारलं, "इथला शिक्का कुठाय?" तिथे तपासनिसाचा गोल ठसा होता, साल होतं, पलटणीची खूण होती. मी ते सगळं भुसा करून झाडून टाकलं होतं. पुढे ती विकली तेव्हा, मी हात लावला नसता तर आली असती त्याच्या अर्धीही किंमत आली नाही.

म्हणून मऊ कापड, हलकं तेल, एवढंच. लाल गंज असेल तर तेल लावून दोन दिवस राहू द्या आणि कापडानेच पुसा. उघडायला स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, चिरडलेली स्क्रूची खाच बघून पहिला प्रश्न येतो की आत कोणी काय केलं. चामडी पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं. नळीतून प्रकाशाकडे बघा, अर्थात बोल्ट काढून. पीळदार खाचा स्वच्छ, धारदार दिसतात की खड्डे पडलेत? जुन्या फौजी काडतुसांच्या कॅपमधला मीठवजा अवशेष हवेतली ओल ओढतो, त्यामुळे बाहेरून देखणी रायफल आतून खाल्लेली असू शकते. हे मोलावर थेट बसतं.

किंमतीचं बोलू. विक्रेते 'मागतात' त्या आकड्यांकडे बघू नका, मागायला कोणाचं काय जातं. लिलावात प्रत्यक्ष विकली गेली त्या किमती शोधा. तोच मार्क, तोच कारखाना, तशीच अवस्था, आणि नंबर जुळलेले की नाही हेही तेच हवं. त्यातही खरेदीदाराने भरलेली रक्कम वेगळी आणि विकणाऱ्याच्या हातात पडलेली वेगळी, मधे लिलावघर दोन्ही बाजूंनी आपलं कापतं. आणि 'किंमत' एकच नसते. विम्यासाठीची सगळ्यात चढी, वाटणीसाठीची मधली, उद्या दुकानदाराने रोख दिली तर सगळ्यात कमी, कारण त्याला पुढे विकून पोट भरायचंय. आई बहुधा पहिली धरून बोलतेय, भाऊ तिसरी धरून. जो माणूस विकत घ्यायला बसलाय त्याच्याकडून मूल्यमापन करून घेऊ नका. ठरावीक फी घेणारा, लेखी देणारा, रायफल विकत न घेणारा माणूस शोधा. किमतीच्या टक्केवारीवर फी मागणारा तर नकोच.

नंबर सार्वजनिक टाकताना शेवटचे दोन-तीन आकडे झाका. मला फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय पाठवा. पहिलीचा तो लोखंडी पट्टा आणि बोल्टच्या दांड्यामागचा नंबर. तिसरीचं नाव नळीवर असेल ते. पण सगळ्यात आधी दुसरीच्या रिसिव्हरच्या माथ्याचा, जवळून. तिथे अक्षरं आहेत की चिन्ह, की कोणीतरी आधीच घासून सपाट केलंय, हे कळेपर्यंत भावाशी पैशांचं काही ठरवू नका.